निन्टेन्डो स्विच २: यंत्र चोख, खोकं मात्र पारखून घ्या

स्विच २ हा हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल जगात ५ जून २०२५ रोजी विक्रीला आला, पण निन्टेन्डो भारतात कन्सोल अधिकृतपणे विकत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणारा नग असो की पुण्यातल्या दुकानातला, तो बाहेरूनच आलेला असतो. कंपनीची वॉरंटी ज्या देशातला नग त्या देशापुरती. दुकानदार 'एक वर्ष आमची गॅरंटी' म्हणतो, तेव्हा ती बिलावर लिहून घ्यायची आणि कंट्रोलरची काडी (अंगठ्याने फिरवायची स्टिक) त्यात धरली आहे का, हेही विचारायचं. यंत्राविषयी फारशी तक्रार करायला जागा नाही. इथल्या माणसाचे पैसे वाया जातात ते चुकीचा नग, चुकीचं मेमरी कार्ड आणि चुकीचा चार्जर घेतल्याने, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

जपानमध्ये हा कन्सोल दोन प्रकारांत आला. एक ४९,९८० येनचा आणि दुसरा ६९,९८० येनचा. स्वस्त प्रकारात मेन्यू फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला देश 'जपान' असलेलं निन्टेन्डो खातंच जोडता येतं. सेटिंगमध्ये जाऊन हे बदलत नाही. 'आल्यावर इंग्रजी करून देतो' असं कुणी म्हटलं, तर त्या दुकानातून निघालेलं बरं. खोकं दुकानातच उघडून नग चालू करा. सुरुवातीलाच भाषा निवडायला इंग्रजी आली नाही, तर पैसे देऊ नका. अमेरिकेचा किंवा युरोपचा नग घेतला की हा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत सुरुवातीची किंमत ४४९.९९ डॉलर होती आणि मारिओ कार्ट वर्ल्ड या गेमसह ४९९.९९. दुकानदाराने किती वर चढवले, ते या आकड्यांवरून ताडता येतं.

चार्जरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे आपल्या विजेवर तो चालतो. ट्रान्सफॉर्मर लागत नाही. अमेरिकन नगाच्या चपट्या पिनांना मात्र कन्व्हर्टर लागेल, आणि तो सॉकेटमध्ये घट्ट बसणारा घ्या. चार्जर ६० वॉटचा आहे. जुन्या स्विचच्या चार्जरवर कन्सोल चार्ज होतो, पण डॉक (कन्सोल टीव्हीला जोडणारा स्टँड) लावून टीव्हीवर चित्र येत नाही. टीव्ही काळाच राहिला म्हणून लोक केबल बदलत बसतात आणि दोष असतो चार्जरचा. जुना डॉकही या कन्सोलला चालत नाही. खोक्यातली एचडीएमआय केबलच वापरा, कारण जुन्या स्विचची केबल ४के आणि एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र) पेलेलच असं नाही. बऱ्याच टीव्हींवर एकदोनच पोर्ट पूर्ण वेगाचे असतात, आणि त्या पोर्टसाठी टीव्हीच्या मेन्यूत एचडीएमआयचं वाढीव स्वरूप हाताने चालू करावं लागतं. ते बंद असेल तर कन्सोलला एचडीआर सापडतच नाही. कन्सोलच्या बाजूने एचडीआर 'फक्त पाठिंबा असलेल्या गेमसाठी' ठेवा. कायम चालू ठेवलं की जुने गेम विनाकारण फिकट दिसतात.

नवा नग हातात आला की स्क्रीनवर कोपऱ्यात किंचित उचललेली एक पातळ फिल्म दिसते. ती काढू नका. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून ती कारखान्यातच बसवलेली असते. टेम्पर्ड काच लावायची तर त्या फिल्मच्या वरून लावा. काच बसवून देणाऱ्या पोऱ्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने सोलून टाकेल.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मेमरी कार्डात. आत २५६ जीबी जागा आहे. वाढवायची तर फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड चालतं, २ टीबीपर्यंत. घरात पडलेलं साधं मायक्रोएसडी घातलं तर त्यावरून जुन्या स्विचवर खेळताना टिपलेले फोटो-व्हिडिओ उतरवून घेता येतात, गेम चालवता येत नाही. कारण सरळ आहे. साध्या यूएचएस-१ कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, तर एक्सप्रेस कार्ड संगणकातल्या एसएसडीच्या जातीची जोडणी वापरतं आणि त्याची मर्यादा सेकंदाला ९८५ एमबीपर्यंत जाते. कार्ड उलटं करून बघा, एक्सप्रेसच्या पाठीला सोनेरी पट्ट्यांच्या दोन ओळी असतात. एकच ओळ दिसली तर पाकिटावर 'एक्स्ट्रीम', 'अल्ट्रा', 'प्रो' काहीही छापलेलं असो, ते इथे बिनकामाचं. पहिल्या दिवशीच कार्ड घेण्याची घाई नको. मारिओ कार्ट वर्ल्डला वीस-पंचवीस जीबी लागते. असे दोनचार गेम आत मजेत मावतात, आणि आतली जागा एक्सप्रेसपेक्षाही वेगवान आहे.

जागा खाणारा खरा प्रकार म्हणजे गेम-की कार्ड. खोकं नेहमीसारखंच, आत कार्डही नेहमीसारखंच, पण त्या कार्डात गेम नसतो, नुसती किल्ली असते. कार्ड घालायचं, इंटरनेटवरून पूर्ण गेम उतरवायचा, आणि नंतरही खेळताना कार्ड आतच ठेवायचं. पुढे विकता येतं, एवढी त्याची जमेची बाजू. खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली पांढऱ्या पट्टीत किल्लीचं चिन्ह आणि लागणारी जागा छापलेली असते. ती पट्टी वाचल्याशिवाय खोकं हातात घेऊ नका. स्ट्रीट फायटर ६ याच प्रकारचा. उलट सायबरपंक २०७७ पूर्ण ६४ जीबीच्या कार्डावर आला. मारिओ कार्ट वर्ल्ड आणि डाँकी काँग बनान्झा हेही कार्डातच आहेत. ज्यांच्या घरी इंटरनेट धिमं किंवा महिन्याच्या कोट्याचं आहे, त्यांनी तरी किल्ल्या टाळाव्यात.

स्क्रीन ७.९ इंची, १०८०पी, १२० हर्ट्झची. कागदावर दणदणीत. प्रत्यक्षात ती एलसीडी आहे आणि तिचा प्रतिसाद मंद आहे. कॅमेरा वेगाने फिरवला की कडांवर पुसट सावली राहते. जुना ओलेड स्विच वापरलेल्यांना काळा रंगही राखाडी वाटेल, आणि हातातल्या स्क्रीनवरचं एचडीआर नावापुरतंच आहे. टीव्हीवर हाच कन्सोल वेगळा भासतो. ४केमध्ये सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत, किंवा १४४०पी आणि १०८०पीमध्ये १२० फ्रेमपर्यंत. आत एनव्हिडियाची चिप आहे आणि डीएलएसएस कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून देतं, म्हणूनच सायबरपंकसारखा गेम ३० किंवा ४० फ्रेमला धावतो. पीएस५ची बरोबरी होत नाही, आणि हातात धरायच्या यंत्राकडून ती अपेक्षाही नको.

मला सर्वांत मोठा फरक जुन्या गेममध्ये दिसतो. पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट जुन्या स्विचवर अडखळत चालायचे. इथे मोफत अपडेटनंतर ते ६० फ्रेमला जातात. झेल्डाच्या दोन मोठ्या गेमसाठी ९.९९ डॉलरचा अपग्रेड आहे. निन्टेन्डो ऑनलाइनचा वरचा पॅक असेल तर तो वेगळा घ्यावा लागत नाही. ज्यांच्याकडे जुन्या गेमचा साठा आहे, त्यांचा पैसा इथे पहिल्या दिवसापासून वसूल होतो. जुन्या कन्सोलचा डेटा आणताना दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून थेट हस्तांतर करा. सर्व्हरवर चढवण्याच्या मार्गात जुना कन्सोल पूर्ण पुसला जातो.

कंट्रोलर आता चुंबकाने चिकटतात. मागचं बटण दाबून सोडवा, नुसते ओढू नका. काडी मोठी आणि गुळगुळीत झाली आहे, पण ती हॉल इफेक्टची, म्हणजे न घासता चुंबकाने हालचाल ओळखणारी, नाही. म्हणजे जुन्या जॉय-कॉनचा (स्विचच्या सुट्या कंट्रोलरचा) 'ड्रिफ्ट', हात न लावता काडी सरकल्यासारखं होणं, पुन्हा होणारच नाही, असं छातीठोक सांगता येत नाही. यंत्रांची दुरुस्ती किती सोपी ते तपासणाऱ्या आयफिक्सइटने हे यंत्र उघडून दुरुस्तीसाठी १० पैकी ३ गुण दिले. बॅटरी गोंदाने चिकटवलेली आहे. म्हणजे दुरुस्तीवाल्याकडेही ते सोपं काम नाही. जुने जॉय-कॉन वायरलेस चालतात, पण कन्सोलला चिकटत नाहीत, त्यामुळे त्यांना चार्ज करायची वेगळी सोय लागते. रिंग फिट हा व्यायामाचा गेम खेळणाऱ्यांनी जुनी जोडी विकू नये, नवी जोडी त्या रिंगमध्ये बसत नाही.

बॅटरी ५,२२० एमएएच, कंपनीच्या हिशेबाने २ ते ६.५ तास. जड गेम असेल तर पहिलाच आकडा खरा धरा, म्हणजे मुंबई-पुणे प्रवासात पॉवर बँक हवीच. सेटिंगमध्ये ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचा पर्याय आहे. कन्सोल कायम डॉकमध्ये राहणार असेल तर तो चालू करा.

सेकंडहँड घेताना एक धोका मोठा आहे. पायरेटेड कार्ड चालवलेल्या कन्सोलची ऑनलाइन सेवा निन्टेन्डो कायमची बंद करतं, आणि ही बंदी खात्यावर नव्हे तर यंत्रावर बसते. यंत्र फॅक्टरी रिसेट केलं तरी ती उठत नाही. विकणाऱ्यासमोर फोनचा हॉटस्पॉट जोडा, आपलं खातं घाला आणि ई-शॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) उघडा. २१२४-४५०८ हा एरर कोड आला, तर यंत्र परत त्याच्या हातात द्या. वापरलेली कार्डंही बिल असलेल्या दुकानातूनच घ्या.

भारतासाठी वेगळं ई-शॉप नाही. खात्याचा देश अमेरिका किंवा दुसरा ठेवून गिफ्ट कार्डाने पैसे भरावे लागतात. देश बदलायच्या आधी शिल्लक शून्य करा, पाच-दहा डॉलर उरले तरी बदल अडतो.

जीटीए ६ या गेमसाठी कुणी हा कन्सोल घेत असेल तर थांबा. तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच जाहीर झालाय. फक्त स्विच २ साठी म्हणून जाहीर झालेल्या गेममध्ये फ्रॉमसॉफ्टवेअरचा द डस्कब्लड्स आहे, पण तो प्रामुख्याने ऑनलाइन एकमेकांविरुद्ध खेळायचा आहे. एकट्याने खेळणाऱ्याने त्याच्या नावावर पैसे आधीच अडकवू नयेत. डाँकी काँग बनान्झा मात्र डोळे झाकून घ्या. डोंगर फोडत खाली उतरत जाणारा हा गेम या यंत्रावरचा सध्याचा सर्वांत उत्तम, आणि तो किल्ली नसलेल्या पूर्ण कार्डावर मिळतो.