बोल्ट अ‍ॅक्शन रायफलच्या फायरिंग पिनची (काडतुसावर आदळणाऱ्या पिनची) स्प्रिंग: ओरिजिनल ताकदीची नवी की जास्त कडक?

भावा, पॉइंट टू टू (.22) रायफलचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, वरखाली पसरतोय ना, मग आधी उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या केसच्या रिमवरची (मागच्या कडेवरची) पिनची खूण बघ, एक खोल एक उथळ असेल तर स्प्रिंग थकलेली असू शकते, मग बारूद दर वेळी एकसमान पेटत नाही, गोळीचा वेग बदलतो आणि ५० मीटरवर भोकं उभी पसरतात.

ओरिजिनल ताकदीची नवी टाकली की बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.

कडक स्प्रिंगने पिन लवकर पोचते हे खरं, पण बोल्ट उचलायला जड आणि ठोक्याने रायफल हलते, टार्गेटवाल्याला हे परवडत नाही. नाशिकच्या थंडीत बोल्टमधलं जाड ग्रीसही पिन मंदावतं, ते आधी पूस.

कडक स्प्रिंग फक्त ज्यांच्या टणक प्रायमरच्या (बारूद पेटवणाऱ्या टोपीच्या) सेंटरफायर रायफलमध्ये, म्हणजे पिन काडतुसाच्या मधोमध आदळते त्या रायफलमध्ये, मिसफायर होत असतील त्यांनी घ्यावी, तीही जाणकार गनस्मिथकडून बसवून.