लेड टेस्ट किट : दाराला पास, मातीला नापास

शिसं (लेड) आहे का ते बघायचं किट ऑनलाइन मागवलं, ७४९ रुपयाला दहा काड्या. आमचं घर सोलापूरला भवानी पेठेत, जुनं, मागच्या मोकळ्या जागेत पूर्वी बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं काम चालायचं म्हणे, आणि आमची पोरगी अडीच वर्षाची, दिवसभर तिथंच, माती थेट तोंडात. म्हणून घेतलं.

दाराला काम करतं. जुन्या ऑइलपेंटचे पोपडे निघालेत, त्यावर काडी घासली की लगेच गुलाबी, म्हणजे शिसं आहे. आता पेंटमधल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आहे, पण आमचं दार आजोबांच्या काळातलं.

मातीत मात्र काडी फिरवली तर काळी झाली, बास. सोलापूरची काळी माती ती, त्यात गुलाबी काय कप्पाळ दिसणार! पाण्यात कालवून, फडक्यातनं गाळून पण बघितलं. काही नाही. नंतर आतला बारीक अक्षरातला कागद वाचला तर "मातीसाठी वापरू नये", आणि बॉक्सवर फोटो कुंडीचा!! बरं काडी 'किती' ते सांगतच नाही, अमेरिकेत घराजवळच्या मातीसाठी ४०० पीपीएमचा आकडा होता तो २०२४ ला २०० वर आणला, म्हणजे सगळा खेळ आकड्याचा. आणि मी येडा, गुलाबी आलं नाही म्हणून दोन आठवडे निवांत, पोरगी परत मातीत.

शेवटी मुलांच्या डॉक्टरकडे गेलो, ते म्हणाले काड्या ठेवा बाजूला, रक्त तपासा, आणि शिरेतनंच, बोटाला टोचलं तर हातावरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढू शकतो. शिसं आलं ७.१ (मायक्रोग्रॅम, दर डेसिलिटर रक्तात). डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) ५ किंवा त्याच्या पुढं गेलं की कुठनं येतंय ते शोधून बंद करा म्हणते. एवढ्याला शिसं काढायचं औषध देत नाहीत. अंगात लोह, कॅल्शियम कमी असलं की पोट शिसं जास्त ओढतं, तिचं हिमोग्लोबिन कमीच निघालं, सिरप चालू केलंय. मागं फरशी टाकली, घरात कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसतो.

आईचं वेगळंच, "आम्ही शिसपेन्सिली चावून मोठे झालो, काय झालं?" अगं त्यात शिसं नसतंच, ग्राफाइट असतं, पण ऐकतंय कोण.

तीन महिन्यांनी परत रक्त द्यायचंय. किटला दोन स्टार, ते पण दारामुळं. रिटर्न घेत नाहीत, सहा काड्या उरल्यात, कुणाच्या दाराला पाहिजे असतील तर घेऊन जा.