स्पिरुलिना की क्लोरेला?

शेवाळातलं प्रथिन घेऊन बघायचं, इथवर तुमचं ठरलंय असं धरतो. स्पिरुलिना आणि क्लोरेला ही त्यातली पावडर-गोळ्यांच्या रूपात मिळणारी दोन शेवाळं. प्रथिनाच्या बाबतीत दोन्हींत डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. 2023 मध्ये एक्सेटर विद्यापीठाने 36 निरोगी तरुणांवर केलेल्या चाचणीत यातल्या कुठल्याही एकातून 25 ग्रॅम प्रथिन घेतल्यावर स्नायूंची बांधणी बुरशीपासून केलेल्या प्रथिनाइतकीच वाढली. आता 25 ग्रॅम प्रथिन म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वर पावडर. एवढी रोज कोण खाणार? माझी धाव दहा ग्रॅमपर्यंत; बाकीचं डाळ-उसळीवर.

क्लोरेलाची बाजू आधी मांडतो. तिच्यात खरं बी-12 सापडतं, जरी प्रत्येक कंपनीच्या मालात सारखं नसलं तरी. स्पिरुलिनातलं बहुतेक बी-12 आपल्या शरीराला उपयोगाचं नसतं. शाकाहारी माणसाला हा मुद्दा छोटा नाही. मात्र तिची पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीचं कवच, टणक असते आणि सहज पचत नाही, तेव्हा ती फोडलेली आहे असं डब्यावर लिहिलेलं बघूनच घ्या.

माझं घोडं अडलं ते गोळ्यांपाशी. पाव ग्रॅमची एक गोळी, म्हणजे दहा ग्रॅमला चाळीस! सकाळी पर्वतीला निघायच्या गडबडीत तळहातावर गोळ्या मोजत बसायचं, त्या घशाला चिकटायच्या, वर तांब्याभर पाणी. पावसाळ्यात डबा नीट लागला नाही की गोळ्यांचा गठ्ठा. क्लोरेलाची पावडरही मिळते, पण मला ती परवडेना.

स्पिरुलिनाची पावडर मी मठ्ठ्यात घालतो. नुसत्या पाण्यात तिला तळ्याचा वास येतो, हे कबूल. पण आलं, मिरची, भरपूर कोथिंबीर आणि हिंग असला की तो बराच दबतो, आणि हिरव्या रंगाबद्दल कोणी विचारत नाही. हाडांचं म्हणाल तर कॅल्शियम ताकातूनच येतं. दहा ग्रॅम स्पिरुलिनात ते जेमतेम 12 मिलिग्रॅम. त्यापेक्षा नाचणीची भाकरी बरी.

पर्वतीच्या 103 पायऱ्या उतरताना मांड्या पूर्वीइतक्या भरून येत नाहीत. श्रेय शेवाळाचं की रोजच्या चढण्याचं, सांगता येणार नाही. तुमचं बी-12 कमी असेल तर त्यासाठी डॉक्टरांकडून वेगळी गोळी घ्या आणि मठ्ठा चालू ठेवा, असं मी तरी म्हणेन. वॉरफरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, चालू असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, क्लोरेला तर नाहीच. तिच्यात व्हिटॅमिन के बरंच असतं आणि ते या औषधाच्या उलट काम करतं.