रॉयल आयसिंग, ग्लेझ की बटरक्रीम? घरच्यांसोबत शुगर कुकीज सजवण्याआधी ठरवायच्या गोष्टी

सणाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून शुगर कुकीज करायच्या असं ठरलं की पहिली शोधाशोध रेसिपीची होते. माझ्या मते रेसिपी नंतर बघावी. आधी दोन गोष्टी विचाराव्यात: या कुकीज कधी आणि कुठे खाल्ल्या जाणार आहेत, आणि टेबलाशी बसणाऱ्यांत सगळ्यात लहान कोण आहे? सजावटीची पद्धत यावर ठरते. एक दिवस पुरेल की दोन लागतील, मुलं शेवटपर्यंत बसतील की मध्येच उठून जातील, डब्यात कुकीज एकीवर एक रचता येतील की नाही, हे सगळं मग त्या पद्धतीवर अवलंबून असतं.

कुकी मात्र सगळ्यांसाठी एकच. 225 ग्रॅम बटर, 200 ग्रॅम साखर, एक अंडं, एक छोटा चमचा व्हॅनिला, अर्धा छोटा चमचा मीठ आणि 380 ते 400 ग्रॅम मैदा. 7 सेंटीमीटरच्या कटरने यात 30च्या आसपास कुकीज होतात. बेकिंग पावडर घालायचा मोह टाळा. तिने कुकी फुगते आणि चांदणीची टोकं बोथट होतात. बटर आणि साखरही नुसती एकजीव होईपर्यंतच फेटायची. केकसारखी हलकी होईपर्यंत फेटली तर आत भरलेली हवा ओव्हनमध्ये कुकीला पसरवते.

लहान मुलं सोबत असतील तर आणखी एक गोष्ट. गोळा आधी फ्रिजमध्ये ठेवून मग लाटायचा, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. तो गोळा दगडासारखा होतो आणि मुलांच्या हाताला दाद देत नाही. त्यापेक्षा पीठ मऊ असतानाच दोन बटर पेपरच्या मध्ये 6 मिलिमीटर जाडीचं लाटावं, ती पोळी तशीच ट्रेवर आडवी ठेवून तासभर गार करावी आणि मग कटर मुलांच्या हाती द्यावा. लाटणं मऊ पिठावर सोपं, कापणं गार पिठावर सुबक. कापलेले आकार भाजण्याआधी 15 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवले तर कडा धारदार राहतात. 175 अंशांवर 9 ते 12 मिनिटं पुरतात. कडेला सोनेरी छटा दिसू लागली की बाहेर काढा, मधला भाग फिकटच हवा. एका ट्रेवर एकाच मापाच्या कुकीज ठेवा, नाहीतर मोठ्या शिजेपर्यंत छोट्या करपतात.

आता सजावट.

रॉयल आयसिंग

चित्रात दिसणाऱ्या गुळगुळीत, कडक, रेखीव कुकीज बहुतेक याच्याच असतात. 450 ग्रॅम आयसिंग शुगर, तीन मोठे चमचे मेरिंग पावडर आणि 75 ते 90 मिलिलिटर पाणी एकत्र फेटायचं. मेरिंग पावडरमध्ये मुख्य काम वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं असतं. ताजा पांढरा बलक वापरूनही हे होतं, पण तो कच्चाच राहतो आणि त्यातून साल्मोनेला नावाचे जंतू पोटात जाण्याचा धोका असतो. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयाने थकलेलं माणूस असेल तर मेरिंग पावडर किंवा पाश्चराइज्ड पांढरा बलकच घ्यावा. इथे मी तडजोड करत नाही.

याची मोठी जमेची बाजू म्हणजे ते पूर्ण वाळतं. वाळलेल्या कुकीज एकीवर एक रचता येतात, पिशवीत बांधून कोणाला देता येतात, प्रवासात टिकतात. डबा घट्ट असेल तर आठवडाभर काही होत नाही. दुसऱ्या गावी पाठवायच्या असतील तर माझ्या दृष्टीने याला पर्यायच नाही.

किंमत मोजावी लागते ती वेळेची. वरची पापडी अर्ध्या तासात धरते, पण आतपर्यंत वाळायला 8 ते 12 तास हवेत. एका वर्षी आम्ही दुपारी भाजून संध्याकाळपर्यंत सगळं उरकायचं ठरवलं होतं. कुकीज कोमट होत्या, आयसिंग कडेवरून ओघळलं. जे टिकलं तेही रात्री भाच्याने प्रेमाने डब्यात भरून ठेवलं आणि सकाळी सगळ्या कुकीज एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. त्याचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो. चूक त्याची नव्हती, पद्धतच त्या दिवसाला साजेशी नव्हती. तेव्हापासून रॉयल आयसिंग म्हटलं की मी दोन दिवस धरते: पहिल्या दिवशी कापणं आणि भाजणं, दुसऱ्या दिवशी सजावट, आणि मग रात्रभर ट्रेवर मोकळं वाळवणं.

दुसरी अडचण घट्टपणाची. कडेची रेघ ओढायला घट्ट आयसिंग लागतं आणि आतला भाग भरायला सैल, म्हणजे प्रत्येक रंगाच्या दोन पायपिंग बॅग (टोकाच्या नोझलमधून आयसिंग दाबून काढायच्या पिशव्या). घरच्या बैठकीत हे झेपत नाही. मधला मार्ग आहे: बाऊलमधल्या आयसिंगवर सुरीने रेघ ओढा आणि आकडे मोजा. 15 ते 20 मोजेपर्यंत रेघ बुजली तर त्याच एका आयसिंगने रेघही ओढता येते आणि भरताही येतं. आकडे मोजायचं काम मुलांना द्या, ती ते फार गांभीर्याने करतात. रेघ लवकर बुजली तर आयसिंग शुगर वाढवा, उशिरा बुजली तर थेंबथेंब पाणी.

तुपाचा किंवा तेलाचा अंशही याला चालत नाही, आयसिंग नीट फुगत नाही. प्लास्टिकच्या भांड्यांना ओशटपणा धुऊनही राहतो म्हणून स्टील किंवा काच बरी. बाऊल सतत ओल्या फडक्याने झाकलेला हवा, नाहीतर वर पापडी धरते आणि तिचे तुकडे नोझलमध्ये अडकतात. घरी मिक्सरवर दळलेल्या पिठीसाखरेचे कणही असेच अडकतात, तेव्हा इथे विकतची बारीक आयसिंग शुगरच घ्या. रंग जेलचे घ्या, पातळ रंगांनी घट्टपणा बिघडतो. लाल आणि काळा रंग गडद व्हायला वेळ घेतात. आदल्या दिवशी कालवून ठेवले की कमी रंगात भागतं आणि कडवटपणाही येत नाही.

चवीचं म्हणाल तर खरं सांगते: गोड आणि कडक, बस. व्हॅनिला किंवा लिंबाच्या रसाचे चार थेंब घातले तर सुधारते, पण हे आयसिंग खाण्यापेक्षा बघण्यासाठी जास्त.

साधं ग्लेझ

240 ग्रॅम आयसिंग शुगर, दोन-तीन मोठे चमचे दूध, चमकेसाठी दोन छोटे चमचे कॉर्न सिरप. चमच्याने ढवळलं की झालं. कॉर्न सिरप नसलं तरी ग्लेझ होतं, फक्त वाळल्यावर जरा मंद दिसतं. दूध एकदम ओतू नका. अर्धा चमचा जास्त झाला तरी ते कुकीवर न थांबता ट्रेवर जातं.

घरच्यांसोबतच्या दुपारीसाठी माझी पहिली पसंती हीच, आणि याचं मुख्य कारण लहान मुलांचे हात. पायपिंग बॅग एकसारखी दाबत ठेवायला बोटांत जो जोर आणि ताबा लागतो तो साधारण आठ-नऊ वर्षांच्या आधी नसतो. पाच वर्षांचं मूल पिशवी जोरात दाबतं, आयसिंग मागच्या बाजूने बाहेर येतं आणि पाच मिनिटांत ते रडकुंडीला येतं. ग्लेझमध्ये मात्र कुकी उलटी धरून बुडवायची, उचलायची, निथळू द्यायची आणि सुलटी ठेवायची. पहिल्या प्रयत्नात जमतं आणि दिसतंही छान. वर लगेच स्प्रिंकल्स टाकले की चिकटतात. थोड्या मोठ्या मुलांना दुसऱ्या रंगाचे थेंब ओल्या ग्लेझवर टाकून टूथपिकने ओढायला शिकवा. थेंबांच्या रांगेतून सरळ टूथपिक फिरवली की बदामांची माळ तयार होते. ते पहिल्यांदा जमल्यावर मुलं जी ओरडतात त्यासाठी मी दर वर्षी हा खटाटोप करते.

ग्लेझ वरून सुकतं पण आत मऊसर राहतं, त्यामुळे चावायला ते रॉयल आयसिंगपेक्षा कितीतरी बरं. उणीव अशी की बारीक नक्षी यात टिकत नाही, रेघ पसरते. रात्रभर सुकल्यावर मध्ये कागद घालून हलक्या हाताने रचता येतं, पण प्रवासाची खात्री मी देणार नाही. चार-पाच दिवस ठेवायच्या असतील तर मी दुधाऐवजी पाणी घेते.

घरात अंडं खात नसतील तरी हाच सरळ रस्ता. कुकीत अंड्याऐवजी तीन मोठे चमचे दूध घाला, पीठ थोडं भुसभुशीत लागेल पण लाटता येतं. ग्लेझमध्ये तर अंडं नसतंच.

बटरक्रीम

115 ग्रॅम मऊ बटर, 240 ग्रॅम आयसिंग शुगर, चमचाभर दूध, चिमूटभर मीठ. चवीत याच्या जवळपास कोणी येत नाही. त्याच दिवशी, त्याच टेबलावर खायच्या असतील आणि देण्याघेण्याचा प्रश्न नसेल तर बटरक्रीम घ्या आणि बाकी विचार सोडा.

याची एक बाजू फारशी कोणी सांगत नाही. ज्यांची बोटं आखडतात त्या वडीलधाऱ्यांना हे सगळ्यात सोयीचं. पिशवी दाबायची नाही, निथळण्याची वाट बघायची नाही, पोळीला लोणी लावावं तसं सुरीने पसरायचं. माझ्या सासूबाईंनी रॉयल आयसिंगची पिशवी दोन मिनिटांत खाली ठेवली होती, पण बटरक्रीम लावायला बसल्या तेव्हा नातीला गोष्ट सांगत वीस कुकीज केल्या.

मर्यादा मात्र पक्की आहे. हे कधीच पूर्ण कडक होत नाही. थरावर थर ठेवला की नक्षी वरच्या कुकीच्या पाठीला लागते. खोली तापलेली असेल तर बटर ढिलं पडतं आणि 30-35 अंशांच्या पुढे वितळायलाच लागतं. एक-दोन दिवसांत संपवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा.

भाजण्याआधीची सजावट

घरात दोन ते चार वर्षांचं मूल असेल तर या पर्यायाकडे दुर्लक्ष करू नका. कच्च्या कुकीवर पाण्याचा किंचित हात फिरवून जाड दाण्याची रंगीत साखर शिंपडायची, हलकं दाबायचं आणि भाजायचं. वाळवणं नाही, चिकटणं नाही. कुकी थंड झाली की थेट डब्यात. इतक्या लहान मुलाचं लक्ष वीस मिनिटांवर टिकत नाही आणि हे वीस मिनिटांत होतं.

थोडी मोठी मुलं असतील तर अंड्याच्या पिवळ्या बलकाचा रंग करा. एक बलक, पाव छोटा चमचा पाणी, वाट्यांमध्ये वाटून प्रत्येकीत जेल रंगाचा थेंब. नवा, फक्त खाण्यासाठी ठेवलेला ब्रश घेऊन कच्च्या कुकीवर रंगवायचं. ओव्हनमध्ये बलक शिजतो आणि रंग जरा काचेसारखा चकाकतो. निळ्याच्या नादी लागू नका, बलकाच्या पिवळेपणामुळे तो हिरवट होतो. लाल, केशरी, हिरवा उत्तम उठतात. मात्र हा रंग कच्चा आहे आणि पीठही कच्चं आहे. बोटं चाटू द्यायची नाहीत. अंड्याचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण कच्च्या मैद्यातही ई. कोलायसारखे जंतू असू शकतात.

मग ठरवायचं कसं

आज करून आजच खायच्या: बटरक्रीम. उद्या पाहुणे येणार आणि मुलं पाच ते आठच्या वयातली: ग्लेझ. चार दिवसांनी कोणाच्या तरी घरी पोहोचवायच्या, मुलं मोठी आणि हातात दोन दिवस: रॉयल आयसिंग. चिमुकलं मूल आणि दमलेले आईबाप: भाजण्याआधीची साखर, आणि त्यात काही कमीपणा नाही.

वेगवेगळ्या वयाची माणसं एकत्र असतील, आणि बहुतेक घरांत तसंच असतं, तर दोन पद्धतींचं मिश्रण छान चालतं. आमच्याकडे सगळ्या कुकीजना खालचा थर ग्लेझचा असतो, तो लहान मुलं बुडवून देतात. सकाळी तो सुकला की मोठी मुलं त्यावर पांढऱ्या रॉयल आयसिंगने नुसत्या रेघा आणि ठिपके काढतात. त्याला एकच छोटी पिशवी पुरते, रेघा पातळ असल्याने तासा-दोन तासांत कडक होतात आणि कुकी खायला मऊच राहते. रंग तीनच ठेवा, एक पांढरा धरून. सहा-सात रंगांच्या वाट्या मांडल्या की थोड्या वेळात सगळ्यांचा मिळून एक मळकट तपकिरी होतो.

आणि वेळ कमी पडेल असं वाटलं तर कात्री सजावटीला लावा, कापण्याला नको. मुलांना कटर दाबून आकार उचलण्यात जी मजा येते ती आयसिंगच्या तोडीची असते. भाजलेल्या कोऱ्या कुकीज घट्ट डब्यात आठवडाभर नीट राहतात, फ्रीझरमध्ये दोन महिनेसुद्धा. सजवायचं दुसऱ्या दिवशी, नाहीतर पुढच्या रविवारी. दर घाण्यातल्या पाच-सहा कोऱ्याच बाजूला ठेवा. घरात कोणीतरी असतंच ज्याला वरची साखर नको असते, आणि चहाबरोबर त्याच आधी संपतात.