वचनपेटी घ्या, पण बायबल शेजारी ठेवून उघडा

आधीच सांगते, वचनपेटी, म्हणजे बायबलमधल्या ओळींची कार्डं भरलेली डबी, त्यातून एक काढून वाचायचं, ही वस्तू वाईट नाहीये. अडीचशे रुपयांत लाकडी डबी, आत रंगीत कार्डं, वर एक पातळ पुस्तिका, म्हणजे पैसे वाया गेले असं कोणी म्हणणार नाही. पण झाकणावर सोनेरी अक्षरांत ‘ख्रिस्ताची वचने व आत्मिक कृपादाने’ असं छापलंय आणि आतला माल त्या नावाला पुरता जागत नाही, माझं सगळं भांडण एवढंच आहे.

घेतली नाशिकच्या शरणपूर रोडच्या बाजूच्या एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून, डिसेंबरात. तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते, कॅलेंडरं, डायऱ्या, भिंतीवर लावायची वचनं, चांदण्या, गव्हाणीचे सेट, सगळं एकावर एक. दुकानदार दादा भला माणूस, खोके उघडून दाखवले, प्लास्टिकची पण होती पण तिचं झाकण आत्ताच सैल वाटत होतं म्हणून लाकडी घेतली. पॉलिश छान आहे. कार्डं मात्र पातळ, आणि शाई पक्की नाही, स्वयंपाक करता करता ओल्या हाताने एक काढलं तर ‘शांती’ अंगठ्याला लागली. अक्षर इतकं बारीक की सासूबाईंना भिंग लागतं, आणि ज्यांच्यासाठी असल्या पेट्या मुख्यतः विकल्या जातात ती सगळी मंडळी साठीच्या पुढचीच असतात हे छापणाऱ्याला कसं कळत नाही देव जाणे. पिवळी कार्डं वचनांची, हिरवी कृपादानांची, म्हणजे पवित्र आत्मा माणसाला देतो त्या देणग्यांची. प्रूफ कोणी वाचलेलं दिसत नाही, ‘क्रुपादान’ असं निदान तीन-चार ठिकाणी आहे.

आपल्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचं वचन काढायची पद्धत आहेच, ताट फिरतं आणि मग जो तो शेजाऱ्याच्या कार्डात डोकावतो, तुला काय आलं, मला काय आलं. याच जातीची प्रथा जर्मनीत हर्नहूट गावी १७२८ पासून आहे, तिथली मोरावियन नावाच्या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी रोजचं एक वचन चिठ्ठीने काढायची, १७३१ पासून ते छापून यायला लागलं आणि अजून दरवर्षी येतं. म्हणजे चिठ्ठी काढण्यात मला काही वावगं वाटत नाही, कोणी याला ज्योतिष म्हणतं तेवढी मी कडक नाही. प्रश्न चिठ्ठीवर काय लिहिलंय याचा आहे.

तर पहिली गोष्ट. ख्रिस्ताची वचनं म्हणून विकलेल्या पेटीत निम्मी कार्डं जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ताआधीच्या भागातली निघाली. यिर्मया २९:११ तर दोनदा आहे, तेच ते, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत. अहो सुंदरच आहे ते, पण ते बाबेलला बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि त्याच्याच वरच्या ओळीत सांगितलंय की सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणारे बरेचसे तिकडेच संपणार होते. हे कार्ड आमच्या ओळखीतल्या एका पोराला कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी निघालं आणि घरच्यांनी पेढ्यांची ऑर्डर द्यायचीच काय ती बाकी ठेवली.

दुसरी गोष्ट जास्त खटकली. वाक्यं कापलीत. सासूबाईंनी एक दिवस जेवणाआधी कार्ड काढलं, भिंग धरून मोठ्याने वाचलं, मार्क १०:३०, शंभरपटीने घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले, शेते. सगळे आमेन म्हणाले. धाकटा दीर म्हणाला, वहिनी, शंभर घरं नकोत, पाथर्डी फाट्याला एक टू बीएचके झाला तरी चालेल. मी आपली सवयीने बायबल उघडलं, तर त्याच वाक्यात ‘छळणुकीबरोबर’ आहे. घरं-शेतं येशूने कबूल केलीत, त्याच दमात छळ पण कबूल केलाय, आणि हे सगळं त्याच्यासाठी नि सुवार्तेसाठी घरदार सोडून गेलेल्यांना सांगितलंय, टू बीएचकेवाल्यांना नाही. आई भिंग खाली ठेवून म्हणाल्या, “मग ते छापलं का नाही?” आता मी काय सांगणार.

योहान १५:७ चं पण तेच केलंय. कार्डावर फक्त ‘जे काही तुम्हांला पाहिजे असेल ते मागा म्हणजे ते तुम्हांला प्राप्त होईल.’ त्याच्या आधीचं, तुम्ही माझ्यामध्ये राहिलात व माझी वचने तुमच्यामध्ये राहिली तर, हे गायब. फिलिप्पै ४:१३, मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे, त्याच्या आधी प्रेषित पौल म्हणतोय की मला उपाशी राहणंही जमतं नि पोटभर खाणंही, आणि बोलतोय तो बेड्या पडलेल्या असताना. आपण नाशिककर, आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधे नोटा छापतात आणि नोटेवर रक्कम अदा करायचं वचन छापलेलं असतं, ती नोट मधोमध फाडून अर्धी कोणाच्या हातात ठेवली तर भाजीवालीसुद्धा घेणार नाही.

बरं जी थेट येशूच्या तोंडची आणि एकदम रोखठोक वचनं आहेत ती पेटीत नाहीतच. योहान १६:३३, जगात तुम्हांला क्लेश होतील, तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे, हे नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सात मंडळ्यांना, जो विजय मिळवतो त्याला म्हणून दिलेली वचनं, जीवनाच्या झाडाचं फळ, गुप्त मान्ना, पांढरा खडा आणि त्यावर नवीन नाव, शुभ्र वस्त्रं, पहाटेचा तारा, यातलं एकही नाही. पांढऱ्या खड्याचं एक कार्ड असतं तर संडे स्कूलच्या पोरांनी डोक्यावर घेतलं असतं, मी शिकवते त्यांना, मला माहितीये.

मत्तय २८:२० आहे, आणि ते कार्ड मी फ्रीजवर लावलंय. पाहा, युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनने १८५६ च्या जानेवारीत आफ्रिकेत पुढे जीवघेणा धोका दिसत असताना डायरीत हेच वचन लिहिलं होतं, हा अत्यंत शब्दाच्या पक्क्या सद्‌गृहस्थाचा शब्द आहे अशा अर्थाचं. आणि यात आपल्या गावाचा धागा आहे जो इथल्याच कितीतरी जणांना माहीत नसतो. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शरणपूरच्या मिशनमधे शिकायची, त्यातली काही लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात त्याच्याबरोबर होती, आणि त्यांच्यातला जेकब वेनराइट त्याचं शव घेऊन थेट इंग्लंडपर्यंत गेला, १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत होता. सोबतीचं वचन असं दोन्हीकडून निभावलं गेलं. पण या वचनाच्या आधी पण ‘तुम्ही जाऊन’ अशी आज्ञा आहे हां, सोबत आहे ती निघालेल्यांना आहे.

आता हिरवी कार्डं. इथे पेटीवाल्यांनी १ करिंथ १२ मधली, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातली, नऊ घेतलीत, ज्ञानाचं वचन, विद्येचं वचन, विश्वास, रोग बरे करणं, अद्भुत कामं, देवाचा संदेश सांगणं, आत्मे ओळखणं, वेगवेगळ्या, न शिकलेल्या भाषा बोलणं, त्या भाषांचा अर्थ सांगणं. आणि बस. रोम १२ मधली सेवा, शिकवणं, बोध, दानधर्म, दया करणं कुठेच नाही, इफिस ४ मधले पाळक नि शिक्षक नाहीत, आणि करिंथच्या त्याच अध्यायात खाली मदत करणं नि व्यवस्था पाहणं पण आहे ते पण गाळलंय. म्हणजे स्टेजवर दिसणारी दानं तेवढी घेतली. आमच्या मंडळीत एक काका आहेत, आयुष्यात कधी मोठ्याने प्रार्थना केली नाही, पण कोणाच्याही घरी मयत झालं की पहिले तेच पोचतात, मंडप, पाणी, दफनभूमीची पावती, पोटभर रडून झालेल्यांसाठी चहा, सगळं. या पेटीत त्यांच्यासाठी एक कार्ड नाही.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, सर्वांच्या उपयोगासाठी हे दिलेलं असतं, १ करिंथ १२:७, तेही नाही. उलट प्रत्येक कार्डावर ‘हे तुमचे आहे, स्वीकारा’. तुमचं कसलं, तुमच्या हातून दुसऱ्याला पोचवायचं आहे ते. भाषांच्या कार्डावर नुसता उत्साह, पौलाने घातलेले नियम नाहीत, की दोघांनी किंवा फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प बसावं. आणि तो स्वतःच म्हणतो की मंडळीत दहा हजार शब्द न समजणाऱ्या भाषेत बोलण्यापेक्षा समजतील असे पाच बरे. पाच शब्दांचं कार्ड किती छोटं झालं असतं, शाई पण वाचली असती.

अशी दानं आजही मिळतात की प्रेषितांच्या काळाबरोबर संपली यावर आपल्याच गावात दोन गल्ल्या सोडून दोन मंडळ्यांची दोन मतं असतात. पेटी गुपचूप एक बाजू घेते आणि सांगत नाही. नाशिकरोडची माझी कॅथलिक मैत्रीण पेटी बघून म्हणाली, अगं आमच्यात तर सात दानं शिकवतात, दृढीकरणाच्या संस्काराच्या वेळी. ती यशया ११ वरून आलेली, शहाणपण, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि प्रभूचं भय. तिला ही पेटी कामाचीच नाही.

पुस्तिकेत ‘आपले कृपादान ओळखा’ म्हणून मार्कांची प्रश्नावली आहे. घरात सगळ्यांनी सोडवली, करमणूक झाली. सासऱ्यांना ‘अधिकार चालवणे’ निघालं, तर आई म्हणाल्या यासाठी परीक्षा कशाला हवी होती. पण त्यात एक घोळ आहे, शेवटच्या पानावर प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता पण दानांतच टाकलेत. ते पौलाच्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं आत्म्याचं फळ आहे. दान एकाला हे, दुसऱ्याला ते. फळ मात्र सगळ्यांनी सगळं धरायचं. ‘सहनशीलता हे माझं कृपादान नाही’ असं म्हणून सुटायची सोय या पानाने करून दिलीये आणि आमच्या घरात एक जण ती आत्ताच वापरायला लागलाय.

पाचपैकी तीन. घ्यायचीच तर लाकडी घ्या, नोव्हेंबरात जा, गर्दी कमी असते आणि दादा नीट दाखवतात. संडे स्कूलला बक्षीस म्हणून द्यायला चालेल, पण यिर्मयाचं एक जादाचं कार्ड काढून टाका. मी कोरी कार्डं आणून गाळलेल्या ओळी जाड पेनाने लिहायला घेतल्यात, मार्क १०:३० आधी केलं, आता आई ते भिंगाशिवाय वाचतात आणि ‘छळणुकीबरोबर’ला जरा जास्तच जोर देऊन माझ्याकडे बघतात.