ओबीएस स्टुडिओ : लांबच्या सभासदांना सभेत आणणारं सॉफ्टवेअर

आमच्या संगणक मंडळाची सभा रविवारी सकाळी कॉलेज रोडजवळच्या एका हॉलमध्ये भरते. सभासद मात्र सगळेच नाशकात नाहीत. एक मास्तर सुरगाण्याला आहेत. एसटीने येऊन-जाऊन त्यांचा अख्खा रविवार जातो. एक ताई नोकरीसाठी पुण्याला गेल्या. सिडकोतल्या एका काकांना गुडघ्यांमुळे हॉलचा जिना चढवत नाही. या मंडळींसाठी आम्ही सभा थेट दाखवायला लागलो, आणि त्यासाठी वापरतो ते ओबीएस स्टुडिओ. माझा पिंड साऊंडवाल्याचा. पंचवटीत कीर्तनं, सप्ताह, लग्नं यांना माईक लावण्यात उमेदीची वर्षं गेली. तेव्हा हे परीक्षण बरंचसं कानाने केलेलं आहे.

सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त स्रोत आहे, २०१२ पासून चालू आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. वेळेची मर्यादा नाही, चित्रावर कुणाचा शिक्का नाही. झूमच्या मोफत खात्यावर सभा ४० मिनिटांत तुटते. आमच्याकडे तेवढ्यात जेमतेम ओळखपरेड होते. ओबीएसमध्ये आधी ‘सीन’ मांडून ठेवायचे: एकात फक्त वक्ता, दुसऱ्यात वक्त्याची स्क्रीन, तिसऱ्यात स्क्रीन मोठी आणि कोपऱ्यात वक्ता. सभा चालू असताना एका क्लिकवर बदलायचे. वक्त्याच्या नावाची पट्टी आम्ही चित्र म्हणून आधीच बनवून आणतो, म्हणजे जोडाक्षरं मोडायची भीती राहत नाही.

आता आवाज. चित्र जरा धूसर असलं तरी मास्तर चालवून घेतात. आवाज तुटायला लागला की फोन बाजूला ठेवतात, हे त्यांनीच सांगितलं. ओबीएसच्या मिक्सरमध्ये प्रत्येक माईकची पट्टी हलताना दिसते, हिरवी, पिवळी, लाल. वक्त्याचं नेहमीचं बोलणं पिवळ्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या मध्ये, खेळलं पाहिजे. लाल पट्ट्यात रेंगाळलं की आवाज फाटायच्या बेतात आला असं समजा. पंख्याची घरघर घालवायला नॉईज सप्रेशनचा फिल्टर आहे. त्यात आरएनएननॉईज हा पर्याय जास्त स्वच्छ काम करतो पण प्रोसेसरवर भार टाकतो, स्पीक्स हलका आहे. शेवटी लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेवर जाऊ न देणारा फिल्टर, लावून ठेवायचा, कारण कुणीतरी माईकजवळ खोकतंच. हे सगळं मी पूर्वी पैसे मोजून आणलेल्या खोक्यांवर करायचो. ते फुकटात, आणि इतक्या नेटकेपणाने मिळतंय, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण हॉलचा घुमणारा आवाज या फिल्टरने जात नाही. त्याला इलाज एकच, माईक तोंडाजवळ. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि मग फिल्टरकडे वळा. लॅपटॉपच्या स्वतःच्या माईकवर दहा फुटांवरचा माणूस घेऊ नका. कॅमेऱ्याचं चित्र मागे राहून आवाज पुढे पळत असेल तर ऑडिओच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘सिंक ऑफसेट’ आहे. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, रेकॉर्डिंग बघायचं आणि आवाज तितके मिलिसेकंद मागे ढकलायचा.

इंटरनेटचा हिशेब करून बसा. आम्ही ७२०पी आकाराचं चित्र २५०० केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला २५०० किलोबिट या वेगाने (यालाच बिटरेट म्हणतात), पाठवतो. दोन तासांच्या सभेला साधारण सव्वादोन जीबी अपलोड होतो. मास्तर ३६०पी वर बघतात म्हणून त्यांच्या रोजच्या दीड जीबीत भागतं. पण त्या आकारात बारीक अक्षरांचा कोड वाचता येत नाही, त्यामुळे वक्ता कितीही मोठा असो, फॉन्ट २४ च्या पुढे न्यायला मी लावतोच. हॉलच्या वायफायपेक्षा केबल बरी. शिवाय नेट मंदावलं तर बिटरेट आपोआप कमी करण्याची सोय ओबीएसमध्ये आहे, ती चालू ठेवा. सोबत रेकॉर्डिंगही करा, आणि तेही एमकेव्ही या फाईलप्रकारात: मध्येच वीज गेली तर तोवरची फाईल शाबूत राहते. साधी एमपी४ फाईल अशा वेळी उघडतही नाही.

प्रक्षेपण जातं यूट्यूबवर, अनलिस्टेड ठेवून, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसतं. नव्या खात्यावर लाइव्ह चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. शनिवारी रात्री ठरवून रविवारी सकाळी जमेल असं धरू नका.

खरी उणीव इथून पुढे आहे. हा सगळा मामला एकतर्फी आहे. एकदा मास्तरांनी चॅटवर लिहिलं, “दादा, सरांचं उत्तर ऐकू आलं, पण प्रश्न काय होता?” हॉलमधला प्रश्न माईकपर्यंत पोचलाच नव्हता. तेव्हापासून वक्त्याने प्रश्न आधी स्वतः परत म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं, असा नियम केला. उलट बाजूने, यूट्यूबवर चित्र काही सेकंद उशिरा पोचतं. हा उशीर कमी करता येतो, पण तो जितका कमी तितकं कच्च्या नेटवर चित्र जास्त अडखळतं, म्हणून सुरगाण्याचा विचार करून आम्ही मधला पर्याय ठेवलाय. कॉलेजात शिकणारी आमची एक सभासद चॅटवर नजर ठेवते आणि हात वर करून म्हणते, “पुण्याच्या ताईंचा प्रश्न आहे.” वक्ता पुढच्या मुद्द्यावर गेलेला असला तरी त्याला थांबवायची तिला पूर्ण मुभा आहे. ओबीएसमध्ये या कामाचं बटण नाही. त्यासाठी माणूस नेमा, आणि सभा सुरू होण्याआधी नेमा.

पहिल्यांदा उघडल्यावर काळी रिकामी खिडकी बघून नवखा माणूस बिचकतो. ऑटो कॉन्फिगरेशन विझार्ड चालवला तर निम्मं काम होतं. जुना लॅपटॉप तापत असेल तर एन्कोडर, म्हणजे पाठवण्याआधी चित्र दाबून लहान करणारा भाग, प्रोसेसरऐवजी ग्राफिक्सच्या हार्डवेअरवर टाकून बघा.

चार-पाच जणांचाच अभ्यासगट असेल तर मात्र यूट्यूबच्या वाटेला जाऊ नका. गूगल मीट किंवा जित्सी अशा व्हिडिओ कॉलवर सगळे समोरासमोर बोलतात. तिथेही ओबीएसचे सीन हवे असतील तर व्हर्च्युअल कॅमेरा आहे, म्हणजे मीटला ओबीएसचं चित्रच कॅमेरा म्हणून दिसतं, पण तो फक्त चित्र देतो. माईक मीटमध्ये वेगळा निवडावा लागतो.