पाया खणण्याआधी माती तपासून घेतली: लातूरच्या माती परीक्षण सेवेचा अनुभव

आमचा प्लॉट औसा तालुक्यात, गावाच्या कडेला, 40 बाय 60 फूट. मोजणी झाली, हद्दीचे चारही दगड रोवले गेले आणि त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी खड्ड्यांचा भाव सांगितला. सगळे कॉलम पाच फूट खोल. "बाई, या भागात चाळीस घरं बांधलीत मी. पाच फुटांवर मुरूम लागतोच." मिस्त्री भला माणूस आहे, त्याचं काम मी पाहिलंय. पण मे महिना होता, प्लॉटवरच्या काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेत माझा हात कोपरापर्यंत आत गेला. ही जमीन पावसाळ्यात फुगणार आणि उन्हाळ्यात पुन्हा अशीच फाटणार. तिच्यावर नुसत्या अंदाजाने घर उभं करायला मी तयार नव्हते.

आणखी एक कारण होतं. किल्लारी आमच्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे सासूबाईंच्या डोळ्यांसमोर आमचं माळवद खाली आलं. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा सगळा भार. तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 साली भूकंपरोधक बांधकामाची संहिता सुधारली तेव्हा तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आला. म्हणून आमच्या घरात "पाया" हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही.

आमच्या इंजिनिअरने लातूरच्या एका लहानशा माती परीक्षण प्रयोगशाळेचा नंबर दिला. तीन बोअर (माती तपासायची खोल छिद्रं, पाण्याची नव्हेत) आणि अहवाल मिळून 32 हजार ठरले. आमचं अंदाजपत्रक 24 लाखांचं, म्हणजे हा खर्च दीड टक्क्याच्या आत. तरी घरात दोन दिवस चर्चा झाली. ह्यांचं म्हणणं, तेवढ्यात दोन खोल्यांच्या फरशा येतात. मी म्हटलं, फरशी उखडली तर बदलता येते.

ठरल्या दिवशी सकाळी सातला माणसं हजर. तिपाई, हातोडा, पाइप आणि पुढे खडकासाठी मशीन. बरोबर एक तरुण इंजिनिअर. त्याचं मला फार आवडलं, कारण त्याने मला बाजूला उभं केलं नाही, शेजारी बसवून एकेक गोष्ट समजावली. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पडतो आणि खालची नळी मातीत शिरते. प्रत्येकी 15 सेंटिमीटरचे तीन टप्पे. पहिल्या टप्प्याचे ठोके सोडून द्यायचे, पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे त्या थराचा आकडा. आकडा जितका मोठा तितकी जमीन घट्ट. मी वहीत रेघा ओढत बसले. शाळेत हजेरी घेण्याची सवय कामाला आली.

पहिला बोअर प्लॉटच्या मध्यावर. पावणेदोन मीटरपर्यंत काळी, मग पिवळा मुरूम, 38 ठोके. दुसरा उत्तरेकडे. तिथे काळी माती संपेचना. 2.4 मीटरला, म्हणजे जवळजवळ आठ फुटांवर मुरूम लागला. मिस्त्रींचे पाच फूट तिथे काळ्या मातीच्या मधोमध थांबले असते. मिस्त्री तेव्हा तिथेच उभे होते. नळीतून निघालेली चिकट काळी माती त्यांनी बोटांत मळून पाहिली आणि म्हणाले, "इथं खाली जावं लागतंय." ते एवढ्या मोकळेपणाने म्हणाले, याचा मला आदर वाटतो.

तिसरा बोअर आग्नेय कोपऱ्यात. नकाशात तिथे आमचं स्वयंपाकघर. दीड मीटरला फक्त पाच ठोके. नळीत माती कमी आणि विटेचे तुकडे, चुना, राख जास्त. दोन मीटरला लाकडाची एक ढलपी वर आली. इंजिनिअरने काम थांबवलं आणि विचारलं, "इथे पूर्वी काय होतं?" सासूबाई कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. "तिथं मुरमाची खाण व्हती. रस्त्याला मुरूम नेला लोकांनी. मागनं भूकंपाचा मलबा त्यातच लोटलाय," त्या म्हणाल्या. ती ढलपी त्यांनी हातात घेतली, थोडा वेळ पाहिली आणि पदराच्या टोकाला बांधली. त्या दिवसापर्यंत आम्ही कुणीच त्यांना तो कोपरा दाखवून विचारलं नव्हतं.

भराव 3.3 मीटर खोल निघाला. घराचा एक कोपरा त्या भरावावर आणि बाकीचं मुरमावर बसलं असतं तर कोपरा एकटाच खचत गेला असता. खाणीचा विस्तार कळावा म्हणून इंजिनिअरने जेसीबीने दोन चर मारून घ्यायला सांगितलं आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, वेगळे पैसे न घेता. खाण साधारण 12 बाय 15 फुटांची निघाली, हद्दीला लागून.

मग मी प्रयोगशाळा बघायला गेले. फुगवट्याची चाचणी समोर करून दाखवली. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग, दोन काचेच्या नळ्या, एकीत रॉकेल आणि दुसरीत पाणी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ती तुलनेला धरायची. चोवीस तासांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रॉकेलमध्ये 10 मिली आणि पाण्यात 18 मिली. फुगवटा 80 टक्के. शंभर वेळा ऐकलेलं "काळी माती फुगते" त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं.

आता तक्रारी. अहवाल दहा दिवसांत देऊ म्हणाले होते, अठरा दिवस लागले. तेवढे दिवस आमचा इंजिनिअर नकाशा धरून बसला. अहवाल चौदा पानांचा आणि सगळा इंग्रजीत. मला वाचता आला, पण घरातल्या बाकीच्यांना आणि मिस्त्रींना त्यातलं काय कळणार? मराठीत एक पान जोडलं तरी पुष्कळ होईल, हे मी त्यांना लेखी कळवलंय. गाडीभाड्याचे अडीच हजार शेवटी बिलात दिसले, आधी बोलणं झालं नव्हतं. मशीनला पाणी लागतं हेही आदल्या संध्याकाळी कळलं आणि टँकरसाठी रात्री धावपळ झाली. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या आमच्या जिल्ह्यात मे महिन्यातला टँकर म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको. पाण्याची बाब पहिल्याच फोनवर सांगा. हातोड्याजवळच्या एका मुलाच्या डोक्यावर हेल्मेटही नव्हतं. ते मात्र मी तिथल्या तिथे घालायला लावलं.

अहवालात काय निघालं, तर मुरमाची भार पेलण्याची क्षमता दर चौरस मीटरला 22 टन. उत्तरेचे कॉलम नऊ फूट, मधले साडेसहा फूट. जोत्याखालची काळी माती काढून टाकायची आणि तिथे न फुगणाऱ्या पण चिकट मुरमाचा एक मीटरचा थर, पाणी मारून, धुम्मस करून भरायचा, म्हणजे फरशी वर उचलली जात नाही. ही पद्धत मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीसाठी विकसित केली, असं त्या तरुणाने सांगितलं. खोदलेली काळी माती जोत्यात परत टाकायची नाही, हे वाक्य मी मिस्त्रींच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहून घेतलं. मेमध्ये बोअरला पाणी लागलं नाही, म्हणून ऑगस्टमध्ये शेजारच्या विहिरीची पातळी मोजून कळवा, असंही अहवालात होतं. मोजली. जमिनीपासून चार मीटरवर होती.

आम्ही घर उत्तरेकडे आठ फूट सरकवलं. तिकडे काळी माती खोल असल्याने खोदाई आणि काँक्रीटचा खर्च साधारण सत्तर हजारांनी वाढला. हे लपवण्यात अर्थ नाही. परीक्षणाने आमचे पैसे वाचले नाहीत, उलट जास्त लागले. पण कुठे आणि का लागले ते मला माहीत आहे. स्वयंपाकघर घराच्या आग्नेयेलाच राहिलं, त्यामुळे वास्तुशास्त्रावरून दिराचीही कुरकुर राहिली नाही. खाणीच्या जागेवर गाडी उभी राहील.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण उशिरासाठी आणि न सांगितलेल्या गाडीभाड्यासाठी कापला. काळ्या रानात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हीच सेवा घ्यायला सांगेन. बोअरच्या दिवशी गावातलं एखादं जुनं माणूस जागेवर आणून बसवा, हे मात्र माझं स्वतःचं सांगणं.

दसऱ्यानंतर आखणी आहे. सासूबाईंना नव्या दारासमोर कडुलिंब हवा होता. इंजिनिअरने सांगितलं की झाड जेवढं उंच होणार निदान तेवढं ते घरापासून लांब हवं, नाहीतर मुळं पायाखालचं पाणी ओढतात आणि काळी माती आकसते. चाळीस फुटांच्या प्लॉटवर ते जमणार नव्हतं. मग त्यांनीच खाणीच्या कोपऱ्यात पारिजातक लावायचं ठरवलं. रोप आणलंय. सध्या ते जुन्या घराच्या ओट्यावर डब्यात आहे, आणि ती ढलपी त्या डब्याच्या मातीत खोचलेली आहे.